ओळ चौदा गाळून वाचावी

३ फेब्रुवारी

ताई,

नमस्कार, आणि कान धरायला आलीस तर हा पुढे केला. दोन महिने पत्र नाही, कबूल.

सोबत माझ्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं आहेत. नेहमीसारखी तू बघ, खुणा कर आणि परस्पर प्रकाशकाकडे धाड. तू पाहिलेलं मी पुन्हा पाहत नाही, हे अठरा वर्षं चालत आलंय आणि त्यात मी एकदाही तोंडघशी पडलेलो नाही. प्रस्तावना नव्याने लिहितोय. ती इथूनच छापायला जाईल, तुला दोन पानांचा त्रास कशाला.

बातमी अशी की तुझ्या भावाला सरकारने शेजारसंबंध सल्लागार समितीवर घेतलंय. सात जण आहोत. त्यातल्या चौघांनी माझं पुस्तक उघडलेलं नाही आणि एकाने उघडून मिटलंय, हे त्याच्या बोलण्यावरून कळतं. अध्यक्ष हे निवृत्त सेनापती. त्यांना प्रत्येक प्रश्न नकाशावर बोट ठेवूनच समजतो. पण माणूस ऐकून घेतो. मला 'आमचे तत्त्वज्ञ' म्हणतो.

नदीतल्या त्या वाळूच्या बेटावरून इकडचे पेपर रोज किंचाळतायत. वर्षातले चार महिने जे पाण्याखाली असतं, त्याच्यासाठी चहाच्या टपरीवर माणसं छाती पिटतात. वाचता येतं म्हणून विचार करता येतो, असं मानणं ही आपल्या काळाची मोठी फसवणूक आहे. तू मात्र काळजी करू नकोस. पुस्तकाचं सार तुला पाठच आहे. राजा खुशाल लढाई काढतो, कारण मरतात दुसरे. जिथे लढायचं की नाही हे ज्यांना मरायचंय त्यांनाच विचारावं लागतं, तिथे ते नको म्हणतात. शेजारचंही राज्य तसंच असेल, तर दोन्हीकडून नको येतं आणि विषय संपतो. मतपेटीवर चालणारी दोन राज्यं एकमेकांवर तुटून पडली, असं एकही उदाहरण माझ्या तक्त्यात नाही. इकडेही निवडणुका, तिकडेही निवडणुका. भुंकतील, चावणार नाहीत.

तुझी लेक चिंगी काय म्हणते? माझ्या घरी तीन वर्षं राहून ती मोटारदुरुस्ती शिकली, ही गोष्ट मी अजून चारचौघांत सांगत नाही.

तुझा
भाऊ

१९ फेब्रुवारी

पंडित,

आशीर्वाद. कान फार लांबून धरावा लागतो म्हणून सोडून देते.

प्रुफं झाली, काल प्रकाशकाकडे टाकली. एकशे सदतीस चुका. त्यातल्या साठ खिळे जुळवणाऱ्याच्या, बाकी तुझ्या. तू 'निःसंशय' हा शब्द जिथे जिथे लिहितोस, तिथे मला संशय येतो आणि बहुतेक वेळा बरोबर निघतो. सत्तर नंबरच्या पानावर एकाच लढाईला तू दोन वेगवेगळी सालं दिली आहेस. मी जुनं पुस्तक काढून एक ठेवलं.

तक्ता एकमध्ये तर कहर केलास. 'मतपेटीवर चालणारी राज्यं', आणि अनुक्रमांक तेरानंतर एकदम पंधरा. खाली बेरीज मात्र पंचवीस, आणि पुढच्या पानावर ऐटीत 'ही पंचवीस राज्यं'. मधली चौदावी ओळ म्हणजे आमचं राज्य. तुझी सख्खी बहीण तीस वर्षं ज्या राज्यात नांदते, तेच उतरवून काढताना तू खाल्लंस. पहिल्या आवृत्तीवरून जशीच्या तशी परत बसवली आहे. समितीवर गेलास म्हणून आकडे मोजायचं सोडू नकोस.

रविवारी चिंगी मूळप्रत वाचते आणि मी प्रुफावर बोट ठेवून बसते. ती स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं मोठ्याने म्हणते. तुझं शांततेचं प्रकरण तिने इतक्या कोरड्या आवाजात वाचलं की शेवटी दोघींना हसू आवरेना. तू चारचौघांत सांगत नाहीस त्या मुलीने इस्पितळाची बंद पडलेली रुग्णवाहिका स्वतः खोलून चालू केली आणि आता तीच चालवते. त्या गुणामुळेच तिचं नाव राखीव चालकांच्या यादीत गेलंय. काही झालं तर पहिल्या आठवड्यात बोलावणं. तेव्हा 'भुंकतील, चावणार नाहीत' हे तू जरा खात्री करून लिहीत जा.

भुंकण्याचं म्हणशील तर मी जिथे प्रुफं तपासते तो आमचा छापखाना महिनाभर तेवढंच छापतोय. 'एक मूठ वाळूही नाही.' लाल अक्षरं, तीन फूट उंच. मागवणारे गृहस्थ कचेरीत बसून अक्षर अजून जाड करा म्हणतात. आमचा मशिनवाला तर कालपर्यंत नदी कुठे आहे विचारत होता. आज बेटासाठी रक्त सांडायला निघालाय, अर्थात दुसऱ्याचं, कारण त्याचा गुडघा दुखतो. तुझ्या पुस्तकात ज्याला मरायचंय तोच मत देतो. आमच्याकडे मतदारयादी साठीच्या पुढच्यांनी भरली आहे आणि लढायला जातात ती विशीतली. हे प्रकरण तुझ्याकडून राहिलंय की तीही ओळ गळाली?

ताई

६ मार्च

ताई,

घाईत लिहितोय. तक्ता एकची पानं अजून छापली गेली नसतील तर प्रकाशकाला तार करून थांबव. तू खूण केली आहेस असं कळव आणि त्या पानांचा फर्मा परत मागव. कारण विशेष काही नाही. तो तक्ता मी जरा आटोपशीर करत होतो. मी स्वतः प्रकाशकाकडे गेलो तर उगाच चर्चा होईल.

भाऊ

१४ मार्च

पंडित,

तुझं पत्र आलं तेव्हा फर्मा छापून बांधणीला गेला होता. अठरा वर्षांत तू एकदाही काही परत मागवलं नाहीस, आणि आता 'विशेष काही नाही' म्हणून तार करायला सांगतोस. आटोपशीर करायचंच होतं तर प्रस्तावना आटोपशीर कर. ती मला न दाखवता का छापतोयस, हे मी विचारलेलं नाही. ते विसरलेली नाही एवढं समज.

ताई

२० एप्रिल

ताई,

तू काय करून ठेवलंस याची तुला कल्पना नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मंगळवारी आमच्या विधिमंडळात बेटावर चर्चा होती. परराष्ट्रमंत्री माझं पुस्तक हातात घेऊन उभे राहिले. नव्या प्रस्तावनेतला उतारा त्यांनी वाचला. शेजारचं राज्य वरवर मतपेटीचं दिसलं तरी अजून पुरतं तसं नाही, त्यामुळे त्याच्याशी वाटाघाटीचे नेहमीचे नियम लागू होत नाहीत, असा तो उतारा आहे. टाळ्या पडल्या. मग विरोधी बाकावरची ती बाई उठली, जी आधी शाळेत गणित शिकवायची आणि अजून सगळ्यांना तिसरीतलीच पोरं समजते. तिने तेच पुस्तक काढलं, तक्ता एक उघडला आणि ओळ चौदा वाचून दाखवली. 'सरकारच्याच तत्त्वज्ञाने शेजाऱ्याला पंचवीसांत धरलंय. आता मंत्र्यांनी सांगावं, प्रस्तावना खोटी की तक्ता?' सभागृह हसलं, ताई. मी वरच्या सज्जात बसलो होतो. सगळे मान वर करून माझ्याकडे बघत होते.

त्या बाईने ठराव मांडलाय की बेटाचा वाद लवादाकडे द्यावा. परवापर्यंत त्याला कुत्रं विचारत नव्हतं. आता दोन-तीन मतांचा फरक उरलाय. मतदान बारा मेला आहे.

आता तुला सांगायलाच हवं. ती ओळ गळाली नव्हती, मी काढली होती. अनुक्रमांक बदलायचे राहिले, ही माझी चूक. पण काढण्यामागे विचार आहे. ज्या राज्यात सत्ताधारी पक्ष मतपेटीने निदान दोनदा बदललाय, तेच पक्कं मानावं, या निष्कर्षाला मी आलो. तुमच्याकडे तो एकदाच बदललाय. यात तुझा किंवा तुमच्या लोकांचा अपमान नाही. फळ पिकलं नाही असं म्हटल्याने झाडाला शिवी होत नाही.

समितीचे अध्यक्ष म्हणतात, प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्र चिकटवा आणि पेपरातही द्या. मला ते द्यावं लागेल असं दिसतं. तुझं नाव कुठेही येऊ देणार नाही, हा माझा शब्द.

भाऊ

२८ एप्रिल

पंडित,

माझं नाव येऊ देणार नाहीस, हे वाचून मी पत्र खाली ठेवलं आणि छापखान्यातल्या नळावर जाऊन तोंड धुतलं. माझं नाव खुशाल छाप. 'प्रुफं तपासणाऱ्या बाईने तेरानंतर चौदा येतात असं धरलं', असं लिही.

पहिल्या आवृत्तीत एकदा पक्ष बदलला की पुरत होतं. तेव्हा तू समितीवर नव्हतास. आता दोनदा लागतो. उद्या आमचा दोनदा बदलला की तुला तीनदा लागेल, कारण तुला राज्यं मोजायची नाहीत, वाक्य वाचवायचं आहे. मतपेटीवाले आपसांत लढत नाहीत, हे वाक्य खरं राहावं म्हणून जो लढायची शक्यता आहे त्याला आधीच मतपेटीवाल्यांतून काढायचं. मी तीस वर्षं चुका काढते आहे, पण चूक खरी ठरावी म्हणून पुस्तक बदलणारा लेखक तू पहिलाच पाहिला. आणि हे तू निष्कर्ष म्हणून सांगतोस. सेनापतीने नकाशावर बोट ठेवलं आणि तुला निष्कर्ष सुचला, एवढंच मला दिसतं.

आमच्याकडे काही शहाणी माणसं भरली आहेत असं समजू नकोस. इकडे तेवीस मेला सार्वमत आहे. बेटासाठी बळ वापरावं का, हो की नाही. मतपत्रिका आमच्याच छापखान्यात छापून झाल्या. 'हो'चा चौकोन वर आहे आणि मोठा आहे. मी खूण केली, मालकाने ती खोडली. पण गेल्या आठवड्यात तुझा तो तक्ता इकडच्या पेपरात आला आणि हवा जरा बदलली. पलीकडचे लोक आपल्याला आपल्यासारखेच मानतात म्हणे, असं मशिनवाला स्वतः म्हणाला. त्या मूर्खाच्या तोंडून ते ऐकून मला बरं वाटलं, यावरून माझी दशा समज.

तू चार वर्षांचा असल्यापासून मी तुझं लिहिलेलं सुधारत आले आणि त्याबद्दल कधी काही मागितलं नाही. तुझे भावोजी गेले तेव्हाही नाही. आज मागते. शुद्धिपत्र काढू नकोस. आजारी पड. गावाला जा. पुढच्या आवृत्तीत बघू म्हण. छापलं ते छापलं, असं म्हणून लेखक नेहमी सुटतात, तूही सूट. बारा मेपर्यंत फक्त गप्प बसायचंय, दोन आठवडे. तुला तेवढंही अवघड आहे हे मला माहीत आहे, तरी मागते. ठराव पास झाला तर वाद लवादाकडे जाईल आणि चिंगी तिच्या इस्पितळात राहील. मला दुसरं काही नको. मला तिची भीती वाटते, दिवसभर वाटते, आणि ती मला हसते.

ताई

९ मे

ताई,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पण एका माणसाच्या भीतीने विद्येचा निकष बदलता येत नाही, ते माणूस म्हणजे सख्खी बहीण असली तरी. मी गप्प बसलो असतो तर माझ्याच पुस्तकातली चूक मी जाणूनबुजून राहू दिली असं झालं असतं. तुझ्याकडूनच शिकलोय की चूक दिसली की खूण करायची.

शुद्धिपत्र काल निघालं. दोन ओळींचं आहे. 'तक्ता १, ओळ १४ गाळून वाचावी. बेरीज २५ऐवजी २४ वाचावी.' ठळक काही नाही, छोट्या अक्षरात. कोणी फारसं लक्षही देणार नाही.

चिंगीला जपायला सांग. आणि सार्वमताचं मनावर घेऊ नकोस. ज्यांना मरायचंय त्यांना विचारलंय ना, ते नको म्हणतील. बघशील.

भाऊ

४ नोव्हेंबर

ताई,

पूल उघडला आणि टपाल सुरू झालं, म्हणून पहिलं पत्र तुला. याआधी तिसऱ्या देशातून फिरवून पाठवलेली चार बहुतेक पोचलीच नाहीत. किंवा पोचली आणि तू उत्तर दिलं नाहीस. तुझा राग मला नवा नाही. लहानपणी माझ्याकडून तुझी दौत सांडली तेव्हा तू आठ दिवस बोलली नव्हतीस.

घडलं ते वाईट घडलं. पण आता धूळ खाली बसल्यावर नीट पाहिलं तर पेपरवाले 'युद्ध युद्ध' म्हणून जे बडवत होते, ते शास्त्राने युद्ध ठरत नाही. युद्धाची सर्वमान्य व्याख्या अशी की दोन्हीकडचे मिळून निदान एक हजार सैनिक कामी यावेत. यात आठशे बारा आले. दोन्ही सरकारांचे आकडे मी स्वतः ताडून पाहिले. तेव्हा हा सीमेवरचा संघर्ष होता, फार तर मोठी चकमक. सिद्धांताला धक्का लागलेला नाही.

आता तुला आवडेल अशी बातमी. युद्धबंदीनंतर तुमच्याकडे निवडणूक झाली आणि सरकार बदललं. म्हणजे पक्ष दोनदा बदलला. तिसऱ्या आवृत्तीत मी ओळ चौदा परत बसवली आहे. तुझा हट्ट पुरा झाला म्हणायला हरकत नाही. बेरीज पुन्हा पंचवीस.

त्याच आवृत्तीची प्रुफं सोबत आहेत. इथल्या एका पदवीधराला दाखवली होती, त्याने बरोबर होतं ते चुकीचं केलं. तुझ्यासारखं कोणी नाही. रुसवा सोड आणि महिनाअखेर पाठव. चिंगीला मामाने विचारलंय म्हणून सांग. बोलावणं आलं होतं का तिला? आलं असलं तरी रुग्णवाहिका चालवणाऱ्यांवर कोणी गोळ्या झाडत नाही, म्हणून मी त्या बाबतीत निश्चिंत होतो.

भाऊ

२२ नोव्हेंबर

पंडित,

तुझी चारही पत्रं पोचली होती. मी ती इस्पितळाच्या बाकड्यावर बसून वाचली आणि उत्तर दिलं नाही, कारण हातात कागद घेतला की शिव्याच येत होत्या आणि तुझ्या घरात दुसऱ्यांनीही पत्रं वाचावीत असं ते लिहिणं नव्हतं.

सव्वीस मेला चिंगीला बोलावणं आलं. एकोणीस जूनला ती पुलाकडच्या रस्त्याने पाच जखमी घेऊन येत होती. गोळ्या कोणी झाडल्या नाहीत, तू म्हणतोस ते खरं. तोफेचा गोळा पडला. मागचे दोघे गेले, तिघे वाचले. गाडी उलटी झाली तेव्हा ती खिडकीतून बाहेर आली आणि त्या तिघांना ओढून काढल्यावर मग तिला कळलं की आपला डावा पाय चालत नाही. तेराव्या दिवशी तो गुडघ्याच्या वरून कापला. ते दोन जखमी आमचे सैनिक होते, म्हणजे तुझ्या आठशे बारांत आले असतील. चिंगी आली नाही. ती सैनिक नाही आणि मेलेलीही नाही. तुझ्या तक्त्यात तिच्यासाठी रकाना नाही, मी दोनदा बघितलं.

आता ती घरी आहे. कुबड्यांवर स्वयंपाकघरापर्यंत जाते, भिंत धरून परत येते. लाकडी पाय तयार होतोय. मदत केली तर ओरडते, नाही केली तर मी आत जाऊन रडते. चार खोल्यांचं हे घर एवढं लांबलचक असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

तेवीस मेला आम्ही दोघी एकदमच मतदानाला गेलो होतो. शाळेत रांग होती, लोक हसतखिदळत उभे होते. मी नाहीवर शिक्का मारून आले, माझ्या मागोमाग ती आली. शंभरातल्या एकसष्ट जणांनी हो म्हटलं. बाहेर मशिनवाला पेढे वाटल्यासारखा सगळ्यांशी हात मिळवत होता. मी तिला म्हटलं, या गाढवांच्या गर्दीत निदान आपल्या घरातून दोन मतं शहाण्यासारखी पडली. तेवढाच एक आधार मला राहिलाय. आम्ही हे मागितलं नव्हतं.

आणि तू मला ओळ चौदा परत देतोस. माझा हट्ट पुरवतोस. सहा महिन्यांसाठी आम्हाला बाहेर काढलंस, तेवढ्यात तुमच्याकडे लवादाचा ठराव पडला आणि जे व्हायचं ते झालं, आणि आता पुन्हा आत घेतोस, म्हणजे तुझं वाक्य दोन्ही वेळा कोरडं राहिलं. आधी आम्ही तुमच्यातले नव्हतो म्हणून आणि आता मेलेले कमी पडले म्हणून. आणखी एकशे अठ्ठ्याऐंशी जण मेले असते तर तू काय केलं असतंस, याचा मी इस्पितळात बसून विचार केला. व्याख्या दीड हजारावर नेली असतीस.

प्रुफं न उघडता परत पाठवते आहे. त्या पदवीधराला द्या. मला तुझी कीव येत नाही, राग तर कधीच संपला. मला तुझी किळस येते, आणि तू चार वर्षांचा होतास तेही आठवतं. दोन्ही एकदम होतं म्हणून तुझी पत्रं मी आता नाही वाचली तर बरं.

ताई

८ डिसेंबर

चि. चिंगीस,

मामाचे अनेक आशीर्वाद.

ताईचं पत्र वाचून दोन दिवस मला जेवण गेलं नाही. ती माझी पत्रं वाचणार नाही म्हणते, म्हणून तुला लिहितो. लाकडी पाय चांगला मिळावा म्हणून इथल्या एका तज्ज्ञाशी बोललो आहे. तो म्हणतो वर्षभरात माणूस गाडीही चालवतो.

आणखी एक विचार आहे, रागावू नकोस, तो पूर्ण ऐक. माझ्या पुस्तकाला शांतताविषयक ग्रंथांचा पुरस्कार जाहीर झालाय. सोहळा फेब्रुवारीत आहे. दोन्ही देशांचे मंत्री येतील. तू यावंस आणि दोन शब्द बोलावेत असं मला वाटतं. माझ्यासाठी नव्हे. तू माझ्या पुस्तकाचा जिवंत पुरावा आहेस. ज्यांना पाय गमवायचा होता, जीव गमवायचा होता, त्यांना खरोखर विचारलं असतं आणि त्यांचंच ऐकलं असतं, तर हे घडलंच नसतं. तुम्ही नको म्हणालात आणि साठीच्या म्हाताऱ्यांनी तुमच्यावर कुरघोडी केली. ताईने हेच पहिल्यांदा दाखवून दिलं होतं आणि मी तेव्हा ऐकलं नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या नव्या प्रस्तावनेत मी ते मान्य केलंय. तुझं नाव न घेता तुझ्यावर एक परिच्छेद लिहिलाय. 'जिला कोणी विचारलं नाही अशी एक तरुणी' अशी सुरुवात आहे. छापण्यापूर्वी तू तो वाचावास, म्हणून सोबत जोडतो.

तुझा मामा

२० डिसेंबर

मामा,

परिच्छेद वाचला. आईने शिकवल्याप्रमाणे स्वल्पविरामांसकट मोठ्याने वाचला, ती बाजारात गेली होती तेव्हा. मी सोहळ्याला येणार नाही. तज्ज्ञाचा पत्ता मात्र पाठव, तो मी घेईन.

परिच्छेद काढून टाक. त्यात एक चूक आहे आणि ती तुला दुसरं कोणी सांगणार नाही.

मे महिन्यात आम्ही राखीव चालक रोज गाड्यांच्या आवारात जमत होतो. बावीस जण, सगळे तिशीच्या आतले. कोणालाही लढायचं नव्हतं. आम्ही बेटावरून विनोद करायचो. बेट जिंकलं तर पावसाळ्यात त्याला ठेवायचं कुठे, असले. दहा मेला तुझं शुद्धिपत्र आमच्या पेपरात पहिल्या पानावर आलं. कोणीतरी ते कापून सूचनाफळ्यावर लावलं. 'ओळ १४ गाळून वाचावी.' दिवसभर येणारा-जाणारा ते वाचत होता. पहिल्यांदा हसले सगळे. मग हसणं थांबलं. आम्ही पाच वेळा मत दिलेली माणसं, आणि पलीकडचा कोणी प्राध्यापक आम्हाला धरतच नाही. तो प्राध्यापक माझा मामा, हे मी कोणाला सांगितलं नाही. मला इतकी लाज वाटली आणि तुझा इतका राग आला की रुग्णवाहिकेचं बॉनेट उघडून मी उगाच त्यात डोकं घालून उभी राहिले. तुझ्या घरात तीन वर्षं जेवले मी. तू मला चारचौघांत सांगत नव्हतास, हेही तेव्हा आठवलं.

मला भीती वाटत होती. पाय जाऊ शकतो, जीव जाऊ शकतो, हे मला त्या रांगेतल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं, कारण तसली माणसं मी रोज उचलत होते. आईच्या मागोमाग आत गेले, पडदा ओढला आणि 'हो'वर शिक्का मारला. बावीसांतल्या एकोणीस जणांनी मारला, नंतर एकमेकांना सांगितलं. बाहेर आले तर आई म्हणाली, आपल्या घरातून दोन मतं शहाण्यासारखी पडली. मी मान हलवली. अजून हलवतेच आहे. ते तिला कधी कळू देऊ नकोस, तेवढं तरी कर.

तेव्हा मला कोणी विचारलं नाही असं लिहू नकोस, मामा. मला विचारलं होतं.

चिंगी